रोमचं मुखदर्शन केवढ्याला पडतं?

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. 'पुढच्या लाँग वीकेंडला आम्ही दोघं युरोप करतोय.' करतोय म्हणजे जसं काही माथेरानच! तीन सुट्ट्या, दोन बॅगा, एक नवरा, एक बायको आणि मागे कलोसियम. आयडिया सॉलिड आहे, वादच नाही. पण बॉस, हा 'सिटी ब्रेक'चा फंडा मुळात आपला नाही. तो लंडनच्या किंवा बर्लिनच्या जोडप्याचा. त्यांना रोम दोन-अडीच तासांवर. व्हिसाची भानगड नाही, आणि तिकीट कधीकधी एका डिनरच्या किमतीत. शुक्रवारी गेले, सोमवारी पुन्हा कामावर हजर.

आपण निघणार लालबागहून. इथून निघणाऱ्याचं गणित वेगळं असतं. गंमत म्हणजे लालबागकराला ते शिकवावं लागत नाही. गणपतीला कणकवलीला जाणारा चाकरमानी एका दिवसासाठी जातो का? रात्रभराचा प्रवास, जाण्यायेण्याचं भाडं, गावच्या माणसांसाठी सामान. एवढं सगळं करून तो गेला की पाच-सात दिवस राहतोच. कारण एक दिवस राहा नाही तर सात, भाडं तेवढंच. युरोपचंही तस्संच आहे.

म्हणून या आठवड्याचा आपला विषय: दोघांसाठी युरोपातलं एकच शहर, थोडे दिवस, आणि त्याचं खरंखुरं बजेट. शहर घेऊया रोम. कारण तिथे फुकटात बघण्यासारखं इतकं आहे, की बजेटवाल्यांना त्याहून बरं शहर सापडणं कठीण.

आधी दाराचे पैसे, मग दिवसाचे

कागदाचे दोन भाग करा. डावीकडे लिहा तो खर्च, जो तिथे पाऊल टाकण्यासाठीच होतो. त्याला आपण 'दाराचे पैसे' म्हणू. उजवीकडे तिथल्या एका दिवसाचा खर्च. २००२ साली युरोच्या नोटा हातात आल्या तेव्हा एक युरो पन्नास रुपयांच्या आत मिळायचा. २०२५ साली त्यानं शंभरी ओलांडली. हिशेबापुरता आपण ११० रुपये धरू. तुम्ही निघाल तेव्हाचा दर घाला, पद्धत तीच राहील.

दाराचे पैसे, दोघांचे मिळून:

विमान: ऑफ सीझनला, मधे एक थांबा घेऊन, माणशी ६०,००० धरले तर १,२०,०००.

व्हिसा: शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून माणशी ९० युरो आहे. दोघांचे १८० युरो, म्हणजे १९,८००. वर सेंटरचं सेवा शुल्क, फोटो, झेरॉक्स, टॅक्सी धरून २६,०००.

प्रवास विमा: व्हिसासाठी तो सक्तीचा, किमान ३०,००० युरोचं कव्हर हवंच. दोघांचे ३,००० धरू.

रोमच्या विमानतळावरून शहरात जाणं-येणं: साधी लोकल ट्रेन माणशी ८ युरो. दोघांचे दोन्ही वेळचे ३२ युरो, म्हणजे साधारण ३,५००. (थेट टर्मिनीला जाणारी एक्स्प्रेस १४ युरोची. फार घाई नसेल तर लोकल झिंदाबाद. लालबागकराला लोकलची काय भीती!)

बेरीज १,५२,५०० रुपये. अजून तुम्ही रोममध्ये साधी कॉफीसुद्धा प्यायलेली नाही.

आता एक दिवस, दोघांचा. बऱ्यापैकी थ्री-स्टार हॉटेलची खोली १०० युरो. त्यावर रोमचा शहर-कर; थ्री-स्टारला तो माणशी दर रात्री ६ युरो, म्हणजे दोघांचे १२. हा कर बुकिंगच्या किमतीत बहुतेक वेळा धरलेला नसतो आणि काउंटरवर वेगळा मागतात, तेव्हा दचकू नका. खाणंपिणं ६० युरो. बस-मेट्रो ६. तिकिटं आणि इतर २२. झाले बरोबर २०० युरो, म्हणजे २२,००० रुपये रोज.

तीन रात्री की सहा?

आता खरी मजा बघा. तीन रात्री राहिलात तर एकूण खर्च २,१८,५००. सहा रात्री राहिलात तर २,८४,५००. म्हणजे दिवस दुप्पट झाले, पण खर्च वाढला फक्त तीस टक्के. तीन रात्रींच्या ट्रिपमध्ये एक रात्र जवळजवळ ७३,००० रुपयांना पडते, सहा रात्रींच्या ट्रिपमध्ये सत्तेचाळीस हजारांना.

म्हणून 'कमी दिवस म्हणजे कमी खर्च' हा हिशेब युरोपसाठी चुकीचा. परवडत नसेल तर दिवस कापू नका, शहरं कापा. रोम, पॅरिस, स्वित्झर्लंड असं सगळं सहा दिवसांत कोंबलंत की प्रत्येक उडीला नवं तिकीट, नवं हॉटेल आणि अर्धा दिवस बॅगा ओढण्यात. एकच शहर धरा. चौथ्या दिवशी कॉफीवाला तुम्हाला ओळखायला लागतो. ते सुख सात देशांच्या धावपळीत नाही मिळत.

आणि रजेचं टेन्शन नको. शुक्रवारी रात्री ऑफिस करून निघा, शनिवारी रोम. पुढच्या शुक्रवारी परतीचं विमान, शनिवारी घरी, रविवार झोपायला. रजा फक्त पाच. कधी? नाताळ आणि ईस्टर टाळा. गणपतीत तर लालबागचं कुणी जात नाहीच. नोव्हेंबर किंवा जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी, थंडी-पाऊस सोसायची तयारी असेल तर झकास.

व्हिसाचे पैसे परत येत नाहीत

इथे थोडं सीरियस होऊया. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे अकरा लाख अर्ज गेले आणि त्यांतले दीड लाखाहून जास्त नाकारले गेले. साधारण दर सातामधला एक. नकार आला की फी बुडाली. तुम्ही आधीच न परतणारं विमानाचं तिकीट काढून बसला असाल तर तेही गेलं. एक लाख वीस हजार, एका फटक्यात. वकिलातीही हेच सांगतात की व्हिसा हातात येईपर्यंत पक्कं तिकीट काढू नका, अर्जाला नुसतं रिझर्व्हेशन पुरतं. हॉटेलही फुकटात कॅन्सल होणारंच घ्या.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करायलाच हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत निघालेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा हवा, आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. लग्नानंतर नाव बदललं असेल तर सगळ्या कागदांवर एकच नाव आहे ना, हे आधी तपासा. बँकेचं स्टेटमेंट बघणारा माणूस शिल्लक किती आहे तेवढंच बघत नाही, ती कशी जमली तेही बघतो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामांनी खात्यात टाकलेले दोन लाख त्याला लगेच दिसतात. दर महिन्याला पगार आला, थोडा खर्च झाला, थोडा उरला, अशी शिल्लक असली की अर्जाला वजन येतं. सावकाश साठवणं म्हणूनच दुहेरी फायद्याचं.

आणखी एक. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायची नवी पद्धत सुरू झाली. मधला थांबा शेंगेन देशातच असेल तर तिथेच इमिग्रेशनची रांग लागते. त्यामुळे तासाभराचं कनेक्शन स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.

मुखदर्शन आणि चरणस्पर्श

१९३४ पासून बसणाऱ्या लालबागच्या राजाच्या दोन रांगा आपल्याला पाठ असतात. मुखदर्शनाची रांग वेगळी, नवसाची वेगळी. दोन्हीला तिकीट नाही, फरक तासांचा. रोमचं बजेटसुद्धा याच दोन रांगांत मांडा. प्रत्येक ठिकाणी आधी विचारा: इथे मुखदर्शन पुरे, की आत पायापर्यंत जायचं?

ट्रेवी कारंजं तर हुबेहूब तसंच झालंय. चौकात उभं राहून बघणं फुकट. पण फेब्रुवारी २०२६ पासून दिवसा अगदी कठड्याशी जायचं तर बाहेरच्या पर्यटकाला २ युरो. कारंज्यात टाकलेली नाणी 'कारितास' या सेवाभावी संस्थेकडे जातात. म्हणजे दानपेटीही आहे! सेंट पीटर्स चर्चमध्ये प्रवेश फुकट, फक्त सुरक्षा तपासणीची रांग. स्पॅनिश स्टेप्स, पियात्सा नावोना, टायबर नदीवरचे पूल, सगळं मुखदर्शन फुकट. पँथिऑनला ५ युरो.

पायापर्यंत जायचंच अशा दोन जागा. एक कलोसियम, १८ युरो. त्याच तिकिटात रोमन फोरम आणि पॅलेटाइन टेकडीही येते. दुसरी व्हॅटिकन म्युझियम, २० युरो आणि ऑनलाइन बुकिंगचे ५; मायकेलअँजेलोचं सिस्टिन चॅपल याच तिकिटात. दोघांचे या तिन्ही ठिकाणांचे मिळून ९६ युरो. आपण सहा दिवसांचे १३२ धरलेत, म्हणजे जिलातोला भरपूर उरले. कलोसियमचं तिकीट अधिकृत साइटवरूनच घ्या. त्यावर तुमचं नाव असतं, त्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवा. आणि महिन्याचा पहिला रविवार तुमच्या सहा दिवसांत बसवता आला तर सोन्याहून पिवळं, त्या दिवशी कलोसियमसकट सरकारी स्थळांना प्रवेश फुकट असतो. गर्दी असते म्हणा, पण गर्दीला घाबरणारा माणूस लालबागमध्ये राहील कशाला? व्हॅटिकन म्युझियमचा फुकट दिवस मात्र महिन्याचा शेवटचा रविवार.

पोटोबा

रोममध्ये कॉफी उभ्यानं प्यायची. आपल्या नाक्यावरच्या कटिंगसारखी, काउंटरला टेकून, दोन मिनिटांत. तीच कॉफी टेबलावर बसून घेतली की दर बदलतो. चौकातल्या देखण्या टेबलावर तर भलताच. पाण्यासाठी बाटली घरून न्या. शहरभर रस्त्यांवर सुमारे अडीच हजार पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहत असतात, पाणी उत्तम. दुपारी वजनावर मिळणारा पिझ्झा, कागदात गुंडाळून. रात्री एकदा व्यवस्थित बसून जेवा. टेबलावर ब्रेड आला की तो फुकटच असेल असं समजू नका. टिपची सक्ती नाही.

घरून काय न्यायचं? लालबागचा चिवडा न्या, खुशाल. पण युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तेव्हा आईनं बांधून दिलेले पेढे-बर्फी घरीच संपवा. सुक्या माशांना नियमात जागा आहे, पण शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या नाकात नाही!

बस-मेट्रोचं साधं तिकीट दीड युरोचं, १०० मिनिटं चालतं, मेट्रोला एकदाच. बसमध्ये चढल्यावर ते मशीनमध्ये पंच करायला विसरू नका. टर्मिनी स्टेशनवर पाकीट तसंच सांभाळा, जसं संध्याकाळी सातला दादरच्या पुलावर सांभाळता.

कार्डाचं एक. परदेशात कार्ड घासलं की अनेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावतात, वर जीएसटी. तिथल्या १,३२,००० च्या खर्चावर हे ४,६०० रुपये होतात. शून्य मार्कअपचं किंवा फॉरेक्स कार्ड आधीच घ्या. आणि मशीननं 'रुपयांत की युरोत?' विचारलं की उत्तर एकच: युरोत. रुपयांत म्हटलंत की दर दुकानाच्या मशीनचा, आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो.

पैसे आणायचे कुठून?

२,८४,५०० मध्ये दहा टक्के हाताशी ठेवा: औषधं, चुकलेली ट्रेन, आणि 'युरोपहून काय आणलंस?' विचारणाऱ्या अख्ख्या मजल्यासाठी चॉकलेटं. झाले साधारण ३,१५,०००. पंधरा महिन्यांनी भाग द्या. महिन्याला २१,०००.

भिशी लालबागला कुणी शिकवायची गरज नाही. दर महिन्याला ठरलेली रक्कम, चारचौघांची लाज आणि एकदम हातात येणारा गठ्ठा. त्यातली शिस्त घ्या, पण पैसे बँकेच्या आरडीत टाका. भिशीतला एक माणूस गायब झाला तर दाद मागायला दार नसतं; आरडीला असतं. शिवाय त्याची नोंद व्हिसाच्या कागदांत दाखवता येते.

'पंधरा महिने कोण थांबणार, लोन घेऊ!' असं कुणी म्हणेलच. घ्या हिशेब. ३ लाखांचं पर्सनल लोन, १४ टक्के, २४ महिने. हप्ता साधारण १४,४००, एकूण व्याज ४५,००० च्या वर. म्हणजे रोमचे पूर्ण दोन दिवस बँकेनं बघितले, तुम्ही नाही. आणि परत आल्यावर दोन वर्षं दर महिन्याला फोटो तेच, हप्ता नवा. क्रेडिट कार्डाची थकबाकी फिरवत ठेवलीत तर व्याज याच्या दुप्पट-तिप्पट. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा वाण्याच्या उधारीवर घर कसं चाललं, हे या भागातल्या कितीतरी घरांत अजून आठवतं. त्या घरातल्या मुला-सुनेनं मजेसाठी कर्ज काढू नये, एवढं तरी आपण शिकलो असू.

कोणाचा वाटा किती?

हा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण तो एक्सेल शीटमध्ये बसत नाही. दोघंही कमावतात, तर निम्मं-निम्मं, असं बरेच जण पटकन म्हणून टाकतात. पण एकाचा पगार ७०,००० आणि दुसऱ्याचा ५०,००० असेल तर निम्मं-निम्मं हे सारखं नाही. २१,००० मधले एकानं १२,२५०, दुसऱ्यानं ८,७५० असं पगाराच्या प्रमाणात वाटलं तर दोघांच्याही खिशाला सारखीच कात्री लागते. बायकोचा पगार जास्त असेल तर तिचा वाटा जास्त. त्यात नवरोबांना लाजायचं कारण नाही. आणि एकाचं शिक्षणाचं कर्ज चालू असेल किंवा माहेरी पैसे जात असतील तर तेही आधी वजा करा. ट्रिपच्या निमित्तानं का होईना, लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं एकमेकांच्या सॅलरी स्लिपा बघतात, अशी जोडपी कमी नाहीत. तिकडे जाऊन हॉटेलच्या काउंटरवर भांडण्यापेक्षा इथे बोललेलं बरं.

आणि घरी?

सासू-सासऱ्यांसह दोन खोल्यांत राहणाऱ्या जोडप्याला सहा रात्री स्वतःची खोली, स्वतःची चावी मिळते, याची किंमत युरोत मांडता येत नाही. आपल्या आईबाबांनी कधी विमानात पाय ठेवला नाही आणि आपण तीन लाख उडवतोय, हे ओझंही खरं. दोन्ही खरं आहे. म्हणून ट्रिपची आरडी उघडण्याआधी तीन टिकमार्क करा. आईबाबांच्या मेडिक्लेमचा यंदाचा हप्ता भरलाय? घराचा तीन-चार महिन्यांचा खर्च वेगळा पडलाय? रिडेव्हलपमेंट चालू असेल तर भाड्याची आणि डिपॉझिटची सोय आहे? तिन्हींना 'हो' असेल तर अपराधी वाटून घेऊ नका, निर्धास्त जा. एकालाही 'नाही' असेल तर रोम थांबेल; ते अडीच हजार वर्षांपेक्षा जास्त काळ थांबलंय. हवा असेल तो नुसता एकांत, तर त्याला व्हिसा लागत नाही. अलिबागला दोन रात्रीही चालतात.

आणि आईबाबांनाही युरोप दाखवायचा असेल तर तो हिशेब वेगळा मांडा. त्यांच्यासाठी ग्रुप टूर बरी. १९८४ ची केसरी काय किंवा २०१३ ची वीणा वर्ल्ड काय, मराठी टूर कंपन्यांनी नाव कमावलं तेच आपल्या माणसांना परदेशात एकटं न वाटू देण्यावर. टूर पॅकेजवर टीसीएस कापला जातो, तो रिटर्न भरताना तुमच्या करात जमा होतो. पावती जपून ठेवा. पण त्यांची टूर आणि तुमचे सहा दिवस एकात मिसळू नका. दोन्हींची मजा जाते.

बाकी फॉर्म, बुकिंग, रांगा हे सगळं जमतं हो. पहिलं काम आज रात्रीचं. जेवणं उरकली, ताटं घासून झाली की दोघं जरा गच्चीवर जा. एक कागद, एक पेन. वर दोघांचे पगार लिहा, खाली घरातले ठरलेले खर्च, आणि शेवटी जे उरेल त्यातून २१,००० निघतात का ते बघा. निघत असतील तर उद्याच आरडी उघडा, दोघांच्या नावानं. नसतील निघत तर १५ चे २४ महिने करा, १३,००० च्या आसपास येतात. कलोसियम कुठे पळून जात नाही!